पाहुण्या प्रशिक्षकाची कारकीर्द नीट वाचा: अखिल भारतीय फुटबॉल महासंघास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली.

विषय: कार्लोस केरोज यांच्या कारकिर्दीवरून आपल्या युवा संघांच्या नियोजनाबाबत विनंती.

महोदय,

८ सप्टेंबर २०१५ रोजी बंगळूरच्या कांतीरवा मैदानावर इराणने भारताला ३-० असे हरवले, तेव्हा इराणच्या बाकावर कार्लोस केरोज हे पोर्तुगीज प्रशिक्षक होते. बरोबर दहा वर्षांनी, ८ सप्टेंबर २०२५ रोजी, ताजिकिस्तानातील हिसोर येथे काफा नेशन्स कप या मध्य आशियाई महासंघाच्या स्पर्धेच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत भारताने ओमानला १-१ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटमध्ये ३-२ असे नमवले, आणि त्या दिवशी ओमानच्या बाकावरही केरोजच होते. मधल्या काळात मार्च २०१६ मध्ये तेहरानला त्यांच्या इराणने आपल्यावर चार गोल चढवले आणि २१ नोव्हेंबर २०२३ रोजी भुवनेश्वरला त्यांच्या कतारने तीन. तीन वेगवेगळ्या देशांचे संघ घेऊन हा एकच माणूस दहा वर्षांत चार वेळा आपल्यासमोर उभा राहिला. त्या चारही सामन्यांचे अहवाल आपल्या दप्तरी असतीलच. मी लिहितो आहे ते सामन्यांबद्दल नव्हे, तर त्या माणसाच्या सबंध कारकिर्दीबद्दल, कारण आपल्या महासंघाने अभ्यासावी अशी ती कारकीर्द आहे आणि वरवर वाचली तर दिशाभूल करणारीही आहे.

हिसोरचा विजय खराच होता आणि मुंबईच्या मैदानांवर आधी खेळाडू व नंतर प्रशिक्षक म्हणून वर्षे काढलेले भारताचे प्रशिक्षक खालिद जमील यांनी तो मिळवून दिला, याचा मला महाराष्ट्रातला फुटबॉलप्रेमी म्हणून अभिमान आहे. परंतु त्यानंतर पाचच आठवड्यांनी, १४ ऑक्टोबरला, मडगावच्या फातोर्डा मैदानावर लालियानझुआला छांगटेने आघाडी मिळवून दिल्यावरही आपण सिंगापूरकडून २-१ असे हरलो आणि २०२७ च्या आशिया चषकाची दारे आपल्याला बंद झाली. अशा पराभवानंतर दर वेळी एकच मागणी पुढे येते, की जग पाहिलेला, मोठ्या नावाचा परदेशी प्रशिक्षक आणा. उद्या आपण पुन्हा अर्ज मागवाल, तेव्हा केरोज यांच्यासारखाच एखादा लांबलचक परिचय आपल्या टेबलावर येईल. त्यातल्या कोणत्या ओळींवर बोट ठेवायचे, हे मला सांगायचे आहे.

केरोज यांचा जन्म १९५३ साली मोझांबिकमधील नांपुला येथे झाला. गोलरक्षक म्हणून ते थोडेफार खेळले, पण खेळाडू म्हणून त्यांचे नाव कधीच झाले नाही. मोझांबिक पोर्तुगीज सत्तेतून मुक्त होण्याच्या सुमारास ते पोर्तुगालला आले आणि लिस्बनच्या शारीरिक शिक्षण संस्थेतून पदवीधर झाले. पुढे जोझे मोरिन्यो हे नामवंत प्रशिक्षक घडले ते याच संस्थेत. मोठा खेळाडू नसलेला, परंतु प्रशिक्षण हा अभ्यासाचा विषय मानणारा माणूस राष्ट्रीय संघाच्या जवळ येऊ शकतो, हे पोर्तुगालने तेव्हा मान्य केले. आपल्याकडे आजही प्रशिक्षकाच्या खुर्चीसाठी आधी त्याची खेळाडू म्हणून ख्याती विचारली जाते, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवली.

पोर्तुगीज महासंघाने त्यांच्या हाती दिली ती वरिष्ठ संघाची धुरा नव्हती, तर पोरांची जबाबदारी होती. १९८९ साली रियाधमध्ये त्यांच्या वीस वर्षांखालील संघाने अंतिम सामन्यात नायजेरियाला २-० असे हरवून युवा विश्वचषक जिंकला. १९९१ मध्ये लिस्बनच्या लूझ मैदानावर, लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर, ब्राझीलविरुद्धचा अंतिम सामना गोलशून्य राहिल्यावर पेनल्टींवर त्यांनी तो चषक राखला. पहिल्या संघात पाउलो सोझा आणि फर्नांडो कोटो होते, दुसऱ्यात लुईश फिगो, रुई कोश्टा, जोर्ज कोश्टा, आणि जुआंव पिंटो हा खेळाडू दोन्हींमध्ये. त्याआधी पोर्तुगालचा वरिष्ठ संघ विश्वचषकाला फक्त दोनदा, १९६६ आणि १९८६ मध्ये, पोचला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मुलांनी काय उलथापालथ केली ते कळते.

यापुढचा भाग मात्र सन्मानचिन्हांच्या यादीत दिसत नाही. १९९१ मध्येच केरोज यांना वरिष्ठ संघ मिळाला आणि तिथे ते अपयशी ठरले. नोव्हेंबर १९९३ मध्ये मिलानला इटलीकडून ०-१ असा पराभव झाला, १९९४ चा विश्वचषक हुकला, महासंघाच्या कारभारावर त्यांनी जाहीरपणे आणि कडवट शब्दांत तोंडसुख घेतले आणि त्यांचे पद गेले. पण मुले राहिली. १९९६ पासून आजतागायत पोर्तुगाल एकाही युरो स्पर्धेला मुकलेला नाही. २००० मध्ये तो उपांत्य फेरीत होता, २००४ मध्ये मायदेशी अंतिम फेरीत, आणि या दोन्ही संघांत फिगो, रुई कोश्टा आणि कोटो होते. त्या यशाच्या वेळी बाकावर दुसरेच लोक बसलेले होते. प्रशिक्षक गेला तरी त्याचे काम देशाकडे उरले, याचे कारण ते काम पंधरा-सोळा वर्षांच्या वयापासून एकत्र ठेवलेल्या मुलांत साठवलेले होते. माझ्या मते केरोज यांच्या चार दशकांच्या कामातली सर्वांत टिकाऊ गोष्ट हीच आहे, रेआल माद्रिद नव्हे आणि मँचेस्टर युनायटेडही नव्हे.

त्यानंतर त्यांची खरी भटकंती सुरू झाली. लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबबरोबर १९९५ चा पोर्तुगीज चषक त्यांनी जिंकला. मग न्यूयॉर्कचा मेट्रोस्टार्स, आर्सेन वेंगर यांच्यानंतर जपानमधील नागोया, संयुक्त अरब अमिराती आणि दक्षिण आफ्रिका अशी ठाणी झाली. दक्षिण आफ्रिकेला त्यांनी २००२ च्या विश्वचषकापर्यंत नेले आणि स्पर्धा तोंडावर असताना महासंघाशी बिनसल्यामुळे पद सोडले. या मुक्कामांतून त्या त्या देशात फारसे काही मागे राहिले असे मला दिसत नाही. अपवाद एकच, आणि तो प्रशिक्षकपदाचा नव्हे तर कागदाचा आहे. १९९८ मध्ये अमेरिकेच्या फुटबॉल महासंघासाठी त्यांनी एक सविस्तर अहवाल लिहिला. २०१० पर्यंत विश्वचषक जिंकण्याच्या ताकदीचा संघ कसा उभा करावा, हा त्याचा विषय होता. ते उद्दिष्ट साधले नाही, हे खरे. तरीसुद्धा देशभर फिरून, मुले कुठे खेळतात, किती खेळतात आणि कोणत्या वयात गळतात हे पाहून, तोपर्यंतच्या कामातल्या उणिवा स्पष्ट लिहिणारा कागद एका महासंघाने पैसे मोजून स्वतःवर करवून घेतला, या गोष्टीचे मोल मला मोठे वाटते. आपणही जानेवारी २०२३ मध्ये २०४७ पर्यंतचा आराखडा वाजतगाजत प्रसिद्ध केला होता. त्यातली पहिली काही वर्षे सरली आहेत. त्या वर्षांतील ठरलेल्या कामांपैकी कोणती झाली आणि कोणती राहिली, याचा हिशेब तितक्याच जाहीरपणे मांडला जावा, अशी आमची अपेक्षा आहे.

माद्रिद आणि मँचेस्टरची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांना ठाऊक आहे. २००३ मध्ये रेआल माद्रिदने झिदान, फिगो, रोनाल्डो, राउल यांच्या जोडीला बेकहॅमला आणले, क्लोद माकेलेलेला जाऊ दिले आणि हा तोल गेलेला संघ केरोज यांच्या हवाली केला. हंगामाच्या शेवटी सलग पाच सामने हरून संघ चौथा आला आणि एका वर्षात केरोज घरी गेले. याउलट युनायटेडमध्ये ॲलेक्स फर्ग्युसन यांचे सहायक म्हणून त्यांना वर्षे मिळाली आणि सरावाच्या मैदानावर पूर्ण मोकळीक मिळाली. २००७ आणि २००८ ची लीग विजेतेपदे आणि २००८ चे युरोपीय विजेतेपद यांत त्यांचा वाटा सगळेच मानतात. त्या वर्षी बार्सिलोनाविरुद्धच्या उपांत्य फेरीपूर्वी त्यांनी सरावाच्या मैदानावर व्यायामाच्या चटया अंथरून, बचावपटूने नेमके कुठे उभे राहायचे ते दाखवले होते; दोन सामन्यांत बार्सिलोनाला एकही गोल करता आला नाही. एकाच माणसाचे हे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. माणूस तोच होता. हाती दिलेला वेळ आणि अधिकार वेगळे होते.

२००८ ते २०१० या काळात ते पुन्हा पोर्तुगालचे प्रशिक्षक झाले. विश्वचषकात उत्तर कोरियाला ७-० असे हरवून पुढे स्पेनकडून एका गोलाने ते बाहेर पडले आणि उत्तेजक चाचणीच्या पथकाशी झालेल्या वादातून पदच्युत झाले. त्यांच्यावरील बंदी नंतर क्रीडा लवादाने रद्द केली. स्वभाव तिखट आहे, हे इथे मान्य केले पाहिजे. जिथे गेले तिथे महासंघाशी त्यांचे खटके उडाले.

आता इराण. एप्रिल २०११ ते जानेवारी २०१९ असा जवळपास आठ वर्षांचा मुक्काम त्यांनी तिथे केला. आपल्या दृष्टीने हे प्रकरण सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण इराण आशियातला संघ आहे, आपल्याच गटात खेळलेला आहे आणि पैशांच्या जोरावर चालणारा तर मुळीच नाही. आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे सरावासाठी बाहेर जाण्याची, मैत्रीपूर्ण सामने ठरवण्याची, साहित्य मिळवण्याची त्यांना सतत अडचण होती. २०१८ च्या विश्वचषकाच्या तोंडावर अमेरिकी निर्बंधांचे कारण सांगून नायके कंपनीने इराणी खेळाडूंना बूट देणे थांबवले, इथपर्यंत वेळ आली होती. तरीही जून २०१३ मध्ये उल्सान येथे दक्षिण कोरियाला १-० असे हरवून इराण विश्वचषकाला गेला. तो गोल नेदरलँड्समध्ये वाढलेल्या रझा गुचान्नेझादचा होता. अश्कान देजागाह जर्मनीत वाढलेला, स्टीव्हन बेताशूर अमेरिकेतला. परदेशात विखुरलेल्या इराणी वंशाच्या खेळाडूंना केरोज यांनी शोधून, भेटून, समजावून राष्ट्रीय संघात आणले. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्वाला जागा नसल्याने हा मार्ग आपल्याला तसाच्या तसा उपलब्ध नाही, याची मला कल्पना आहे. २०२५ मध्ये रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे स्वीकारले, तेव्हा त्याची किंमत किती असते ते दिसलेच आहे. पण शोधणे आणि भेटणे यांना कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

२०१४ मध्ये बेलो होरिझोंते येथे अर्जेंटिनाला त्यांच्या इराणने नव्वद मिनिटे रोखून धरले आणि भरपाईच्या वेळेत मेस्सीच्या एका फटक्याने सामना गेला. २०१८ च्या पात्रता फेरीत हा संघ अठरा सामन्यांत एकदाही हरला नाही आणि त्यातील सलग बारा सामन्यांत त्याने गोल स्वीकारला नाही. त्या बारांत आपल्याविरुद्धचा तेहरानचा सामनाही होता. त्याच गटात आपण ग्वामसारख्या चिमुकल्या बेटाकडूनही हरलो आणि तळाला राहिलो. रशियात इराणने मोरोक्कोला हरवले, पोर्तुगालला १-१ असे रोखले, क्रिस्तियानो रोनाल्डोची पेनल्टी गोलरक्षक बेयरानवंदने अडवली, आणि चार गुण मिळवूनही बाद फेरी थोडक्यात हुकली. त्यांचा खेळ फार सावध असे, बचावावर भर देणारा असे आणि दोन्ही आशिया चषक हातचे गेले, ही टीका रास्त आहे. परंतु आठ वर्षे एकच पद्धत चालल्यामुळे, वीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदा शिबिरात आला तरी चेंडू गेल्यावर आपण कुठे धावायचे हे त्याला पहिल्या आठवड्यात समजत असे. सरदार अझमून याच काळात विशीच्या आत संघात आला आणि मोठा झाला.

केवळ मुदत दिली की सारे साधते, असे मी म्हणत नाही. वरिष्ठ संघाचे प्रशिक्षक म्हणून इगोर श्टिमाच यांना आपणही २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षे दिली होती. फरक असा, की केरोज यांनी इराणमध्ये शिबिराच्या दिवसांसाठी महासंघाशी आणि क्लबांशी, अगदी पर्सेपोलिससारख्या बलाढ्य क्लबशीही, उघड भांडणे केली आणि बऱ्याचदा त्यांना खेळाडू मिळाले. श्टिमाचही शिबिरांसाठी भांडले. २०२३ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेसाठी क्लबांकडून खेळाडू सोडवून घेताना शेवटपर्यंत जी ओढाताण झाली, ती आपण सर्वांनी पाहिली. प्रशिक्षकाला वर्षे दिली आणि खेळाडूंचे दिवस दिले नाहीत, तर ती वर्षे करारातच राहतात.

इराणनंतर केरोज यांचे मुक्काम पुन्हा आखूड झाले. कोलंबियात उरुग्वेकडून ०-३ आणि इक्वेडोरकडून १-६ असे लागोपाठ दोन पराभव झाल्यावर ते गेले. इजिप्तला त्यांनी आफ्रिका चषकाच्या अंतिम फेरीत नेले आणि सेनेगलकडून पेनल्टींवर हरले; पुढच्याच महिन्यात विश्वचषकाची संधीही सेनेगलकडूनच, पेनल्टींवरच हुकली. २०२२ मध्ये ते तीन महिन्यांसाठी इराणला परतले आणि त्यामुळे मुख्य प्रशिक्षक म्हणून सलग चार विश्वचषक त्यांच्या नावावर लागले. त्यानंतर कतार आणि ओमान.

कतारचे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते असे कोणी म्हणेल, म्हणून त्याकडे वळतो. डिसेंबर २०२३ मध्ये, आशिया चषक महिन्यावर आला असताना, कतारने केरोज यांना निरोप दिला, मार्केझ लोपेझ यांना आणले आणि फेब्रुवारीत चषक जिंकला. मग मुदतीचे काय? उत्तर त्या संघातील अक्रम अफीफ आणि अल्मोएझ अली यांच्या लहानपणात आहे. ही मुले २००४ मध्ये सुरू झालेल्या अस्पायर या कतारच्या क्रीडा अकादमीत एकत्र वाढली, एकाच पद्धतीने शिकली, युवा संघांतून बरोबरच वर आली. ज्या देशाने मुले अशी वाढवली आहेत त्याला ऐन वेळी प्रशिक्षक बदलणे परवडते. आपल्याला ते परवडत नाही, आणि तरीही आपण तेच करत आलो आहोत.

कारण आपल्याकडे मुलांची फळी पुन्हा पुन्हा मोडली जाते. २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक आपण भरवला. नवी मुंबई आणि मडगाव इथेही त्याचे सामने झाले. आपल्या संघाचे प्रशिक्षक लुईश नॉर्टन द माटोश होते, तेही पोर्तुगीजच. स्पर्धेला अवघे काही महिने उरले असताना त्यांना नेमले गेले होते. कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने हेडरने गोल केला तेव्हा दिल्लीचे मैदान कसे उसळले होते ते आठवा. ती मुले नंतर इंडियन ॲरोज या नावाने आय-लीग या देशातील क्लबांच्या स्पर्धेत एकत्र खेळली, ही योजना उत्तम होती. जिक्सन, अन्वर अली, सुरेश वांगजाम पुढे वरिष्ठ संघापर्यंत पोचले. पण २०१० मध्ये सुरू झालेला हा संघ २०१३ मध्ये बंद पडला होता, २०१७ मध्ये पुन्हा उभा राहिला आणि २०२२ मध्ये पुन्हा बंद केला गेला. २०१८ मध्ये बिबियानो फर्नांडिस या गोव्याच्या प्रशिक्षकाचा सोळा वर्षांखालील संघ दक्षिण कोरियाकडून एका गोलाने हरला आणि युवा विश्वचषकापासून एका विजयाच्या अंतरावर थांबला. त्या संघाला पुढच्या चार वर्षांत एकत्र ठेवण्यासाठी काय केले गेले, याचे उत्तर देण्यास आपण बांधील आहात.

मी कोल्हापूरचा. २०१७ च्या त्या संघात आमचा अनिकेत जाधव होता, आणि त्याचे सामने इथल्या पेठापेठांत पाहिले गेले. शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचा सामना असला की गावातले रस्ते ओस पडतात. इथे मुलांची वाण नाही आणि चेंडूवरच्या प्रेमाचीही नाही. सतरा ते एकवीस या वयात, रोज कसाला लागेल असा खेळ आणि वर्षभर लक्ष ठेवणारा प्रशिक्षक मिळत नाही, म्हणून आमची गुणी मुले पेठेच्या मैदानावरच थांबतात. केरोज यांनी फिगो आणि रुई कोश्टा यांना हाताशी धरले ते नेमके याच वयात.

आणि आता आपल्या हाती पुन्हा एक फळी आली आहे. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी अहमदाबादमध्ये, त्याच बिबियानो फर्नांडिस यांच्या सतरा वर्षांखालील मुलांनी इराणला, ज्या इराणला केरोज यांनी आठ वर्षे बांधले त्याच देशाच्या मुलांना, पिछाडीवरून २-१ असे हरवून आशियाई स्पर्धेत स्थान मिळवले. म्हणून माझ्या मागण्या याच मुलांपासून सुरू होतात. हा संघ स्पर्धा संपल्यावर विखुरला जाऊ नये. क्लब त्यांना पुरेसे सामने देत नसतील तर ॲरोजसारखा संघ पुन्हा उभारावा आणि यावेळी तो किमान पाच वर्षे बंद करता येणार नाही, असा ठराव कार्यकारिणीने करावा. सतरा, वीस आणि तेवीस वर्षांखालील संघांचे प्रशिक्षक वरिष्ठ संघाच्या प्रशिक्षकासोबत बसून एकच पद्धत ठरवतील आणि ती लिहून काढतील, अशी व्यवस्था व्हावी. राष्ट्रीय शिबिराचे दिवस लीगचे वेळापत्रक आखण्यापूर्वी ठरावेत आणि क्लबांच्या करारात नमूद व्हावेत. प्रशिक्षक देशी असो वा परदेशी, त्याची मुदत युवा संघाच्या एका चक्राएवढी, म्हणजे निदान चार वर्षांची असावी, आणि दर वर्षाअखेर त्याने लिहिलेला अहवाल लोकांसाठी खुला असावा.

अहमदाबादला खेळलेल्या त्या मुलांचा पुढील चार वर्षांचा कार्यक्रम, शिबिरांच्या तारखा, ठिकाणे आणि जबाबदार व्यक्तींच्या पदांसह, महासंघाने येत्या तीन महिन्यांत प्रसिद्ध करावा, अशी विनंती आहे. या पत्राचे वेगळे उत्तर नाही आले तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक फुटबॉलप्रेमी नागरिक,
कोल्हापूर